दुखणं किती फुटी

मी जन्मभर गणपती केले, म्हणजे सोंडा केल्या. माणसाचं नाक करायला मिळायचं ते गौरीच्या मुखवट्यांना, तेही वर्षातून थोडेच दिवस. त्यामुळे नाक आतून कसं असतं, त्यात हाड किती, मांस किती, पोकळी किती, याचा विचार सत्तरी गाठेपर्यंत मी केला नव्हता. शाळा तिसरीत सुटली. पुढचं सगळं मातीत शिकलो, आणि मातीच्या मुखवट्याला वरून दोन भोकं पाडली की नाक झालं.

माझं नाक बंद पडायला लागलं त्याला आता तीन वर्षं होतील. आधी उजवी बाजू, मग दोन्ही. पेणजवळ जोह्यात आमचा मूर्तींचा कारखाना आहे. मूर्ती वाळली की पॉलिश पेपरने घासतात, त्याची धूळ पिठासारखी उडते. घरचे म्हणायचे, धुळीने झालं. मी म्हणायचो, वाऱ्याने झालं. पन्नास वर्षं जी धूळ अंगावर घेतली ती आताच कशाला वैर धरेल?

नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. बंद नाक होतं, पण दुखायच्या भुवया. भुवयांच्या मधे आणि डोळ्यांखालच्या हाडात. ओल्या मातीत अंगठा दाबून आपण खोबण करतो ना, तसा कोणी आतल्या बाजूने अंगठा दाबतंय असं वाटायचं. खाली वाकलं की अंगठा आणखी खोल जायचा. आणि आमचं काम सगळं वाकून.

तरीही मी ऑपरेशनला तयार झालो नसतो. तयार झालो तो मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीसाठी.

आमच्या धंद्यात डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. पितांबर कोणीही रंगवतं, दागिने बायका रंगवतात, पण कारखान्यातले सगळे डोळे एका हाताचे असतात. आमच्याकडे तो हात माझा. बापाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, दम धरायचा, रेघ ओढायची, मग दम सोडायचा. एका दमात एक रेघ. दुसरी, एक डोळा काढून उठायचं नाही. देवाला एका डोळ्याने बघत ठेवून कोणी पाणी प्यायला जात नाही.

आता नाक बंद असलं की दम धरायचा कुठे? तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायची सवय लागली की तोंड मिटताच जीव घाबरा होतो. मागच्या वर्षी एका मूर्तीच्या डाव्या डोळ्याची रेघ ओढताना मधेच दम तुटला आणि डोळ्याचा कोपरा गालावर घसरला. मी ओल्या फडक्याने पुसून परत काढला. समोर सून बसली होती. तिने पाहिलं आणि मान खाली घालून मुकुट रंगवत राहिली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं. सुनेची आखणी चांगली आहे हे मला ठाऊक होतं. उंदरांचे डोळे मी तिलाच देत होतो. पण गणपतीचे नाही.

शिमग्याला रोह्याला दिलेली माझी मुलगी आली. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला तिने पाहिलं.

"आबा, आडवं का नाय होत?"

"आडवं झालो की श्वास कोंडतो."

"मग माझ्यासंगट चला. आमच्याकडे नाकाचा डॉक्टर हाय."

"वैशाखात परदेशी माल पाठवायचा हाय. तीनशे मूर्ती बिनडोळ्यांच्या उभ्या हायत."

"म्हणूनच चला," ती म्हणाली. लेक माझीच, हट्टात दोन बोटं वरच.

पेणहून गाडीत बसलो. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ उभी राहिली. खिडकीला कपाळ टेकलं तेव्हा कळलं की भुवयांमधला ठणका आणि मनगटाची नाडी एकाच तालात आहेत. मी मनगट धरून मोजत बसलो. दुखणं म्हणजे रक्तच दार ठोकतंय की काय, असं वाटलं. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "हे डॉक्टरला सांगा, मला नको."

डॉक्टर तरणा होता. नाकात नळी घालून त्याने मला माझंच नाक पडद्यावर दाखवलं. मी मुलीला बाजूला सारून पुढे झालो. आतलं मधलं हाड वाकडं, साच्यातून घाईने काढलेल्या मूर्तीसारखं एका अंगाला झुकलेलं. आणि दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षासारखं मांस वाढलेलं. एवढं सगळं मी घेऊन फिरत होतो आणि मला पत्ता नव्हता.

मग त्याने विचारलं, "बाबा, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सगळ्यात मोठं दुखणं. तुमचं किती?"

दुखण्याला मार्क देतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी विचार केला. आमच्याकडे दहा म्हणजे दहा फुटी, मंडळाची मूर्ती. ती उचलायला बारा माणसं आणि टेम्पो लागतो. एक फुटी मूर्ती पोरगीसुद्धा उचलते. दोन फुटी शाडूची मूर्ती मात्र माणसाला पोटाशी धरून, पाय रोवून न्यावी लागते. ती एकट्याच्या ताकदीची शेवटची. माझं दुखणं मी एकटाच तर वागवत होतो.

"दोन," मी म्हणालो.

डॉक्टरने ते लिहिलं. मग विचारलं, दुखण्यावर काय घेता? मी म्हटलं, सुंठीचा लेप आणि वाफारा. मुलीने माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तांबड्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. अर्धी संपलेली. पेणच्या स्टँडजवळच्या दुकानातून मी ती घ्यायचो. रोज संध्याकाळी दोन, ब्रश धुऊन ठेवल्यावर.

"दोनच मार्कांना रोज दोन गोळ्या?" डॉक्टर म्हणाला.

तो रागावला नाही. त्या गोळीने रक्त पातळ होतं, कापल्यावर थांबत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधी आठ दिवस ती पूर्ण बंद, असं त्याने सांगितलं. बदली पांढरी गोळी दिली. ही चालेल, दुखायला लागलं की घ्या.

पांढरी मी घेतली नाही. त्याला कारण होतं. आमच्या शेजारच्या गावात एक जुना रंगारी होता. पाठीच्या दुखण्याने गोळ्या खायचा. पुढे त्याचा हात लटपटायला लागला आणि शेवटी तो नुसते पाट रंगवायचा. लोक म्हणायचे, गोळी हाताला लागली. मी तेव्हा पोरगा होतो, पण त्याची ती थरथरती रेघ मला अजून दिसते. तांबडी मी संध्याकाळची घेत होतो ती एवढ्याचसाठी, की सकाळपर्यंत ती हातातून उतरेल. आता तर आखणी तोंडावर आलेली. मुलीसमोर पांढरी गोळी तोंडात टाकायची आणि मागल्या दारी जाऊन काडेपेटीत ठेवायची, असं मी आठ दिवस केलं.

त्या आठ दिवसांत दुखण्याकडे नीट बघितलं. मुलीच्या घरी दुसरं काही कामच नव्हतं. ते ऊन चढेल तसं चढतं, दुपारी माथ्यावर येतं आणि चार वाजले की उतरायला लागतं. गरम वाफ घेतली की थोडं हलतं, पण जात नाही. ओणवं झालं की पुढे येतं, मान मागे टाकली की मागे सरतं. म्हणजे आत काहीतरी पाण्यासारखं हलतं. जावई कंपनीतली शिफ्ट करून आला की मी त्याला हे सगळं सांगायचो. तो बिचारा जेवता जेवता मान डोलवायचा.

ऑपरेशनच्या दिवशी सुई टोचली, कोणीतरी म्हणालं आकडे मोजा, आणि मी चारापर्यंत गेलो. पुढचं नाही. झोपेत निदान झोपलो होतो हे कळतं. इथे मधले दोन तास कोणी कापून नेल्यासारखे. ते कुठे गेले, हे मी अजून विचारतो. कोणाला सांगता येत नाही.

जाग आली तेव्हा दोन्ही नाकपुड्यांत बोळे ठासलेले, नाकाखाली पट्टी बांधलेली. मुलगी म्हणाली, "आबा, पांढरी मिशी शोभते तुम्हाला." घसा कोरडा, डोकं दगडाचं. मूर्तीचं पोट पोकळ राहिलं की आम्ही आतून काथ्या भरतो, तसं माझं तोंड आतून भरलंय असं वाटत होतं.

नर्सबाई आली. "आजोबा, दुखतंय का? दहापैकी किती?"

मी मोजलं. पोटाशी धरता येईल का? येईल. "दोन."

"अरे वा," ती म्हणाली आणि गेली.

तासाने परत आली. तोवर दुखणं वाढलं होतं. आता दोन माणसं लागली असती. "तीन," मी म्हणालो. तिने मान हलवली, पांढरी गोळी ठेवली. मुलगी पाणी आणायला गेली तेवढ्यात ती गोळी उशीखाली गेली.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला माझी ती पांढरी मिशी लाल झाली. नर्सबाईने हाताला पट्टा बांधून प्रेशर मोजलं आणि डॉक्टरला बोलावलं. तो जेवढ्या शांतपणे आला तेवढी मुलगी घाबरली.

"बाबा, प्रेशर खूप वाढलंय. म्हणून रक्त येतंय. दुखणं असल्याशिवाय इतकं वाढत नाही. खरं सांगा, किती?"

"साडेचार," मी म्हणालो. बोळ्यांमुळे आवाज मडक्यातून आल्यासारखा.

"साडेचाराला माणूस असा गादी मुठीत धरत नाही."

मी खाली बघितलं. माझ्या दोन्ही मुठींत चादर होती. मला कळलंच नव्हतं.

"साडेचार फुटी म्हणजे काय खेळ वाटला काय तुम्हाला?" मी चिडलो. "पाच माणसं लागतात. खाली फळी, वर दोर."

मग मुलीने कपाळावर हात मारला. "अवो डॉक्टर, ते मूर्तीच्या फुटात सांगतायत!" आणि ती हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "त्या दिवशी दोन म्हणाले ते दोन फुटी. आबा, दोन फुटी तर तुम्ही गेल्या वर्षीपासून उचलत नाय!"

ते खरं होतं. गेल्या वर्षीपासून दोन फुटी मूर्ती सून उचलते.

डॉक्टर स्टुलावर बसला. त्याने मला फुटांचा सगळा हिशोब विचारला. कुठली मूर्ती किती माणसांची, किती फुटाला काय लागतं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "तुम्ही मूर्ती केव्हा हलवता? वर मुकुट, प्रभावळ, सगळं चढवल्यावर, की आधी?"

"आधी. चढवल्यावर कोण हलवेल? मोडेल."

"गोळीचं तसंच आहे. दुखणं एक फुटी असतानाच घ्यायची. साडेचार फुटी झाल्यावर गोळीने हलत नाही, मग मला सुई द्यावी लागते."

हे मला पटलं. आतापर्यंत सगळे म्हणत होते गोळी घ्या, पण कधी आणि का ते असं कोणी सांगितलं नव्हतं. मी उशीखालची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. मुलगी काही बोलली नाही. घरी जाऊन काडेपेटी सापडली तेव्हा मात्र बोलली, अर्धा तास.

सुई दिली आणि थोड्या वेळाने दुखणं खाली आलं. सरळ नाही आलं. पायरी पायरीने, मधे थांबत. रक्तही थांबलं. दुसऱ्या दिवशी बोळे काढले, तो प्रकार मी लिहीत नाही. एवढंच सांगतो की इतकं लांब कापड माझ्या नाकात होतं यावर माझा अजून विश्वास नाही.

पण हाताचं काय? सुईचं पटलं, गोळीची वेळ पटली, तरी त्या रंगाऱ्याची थरथरती रेघ डोळ्यांपुढून जाईना. दिवसाला तीन गोळ्या, आठ दिवस. मुलीकडे जुनं कॅलेंडर होतं, त्याची पानं मी मागितली. ब्रश नव्हता तर तिची काजळाची पेन्सिल घेतली. गोळीच्या आधी एका पानाच्या पाठीवर दहा डोळे काढायचे. गोळीनंतर तासाने दुसऱ्या पानावर दहा. पानांवर खुणा मी माझ्यापुरत्या केल्या. जावई आला की दोन्ही पानं त्याच्यापुढे ठेवायची.

"यातली सरळ रेघ कुठली?"

"आबा, मला यातलं काय कळतं? मी कंपनीत व्हॉल्व्ह फिरवतो."

"डोळे हायत ना? सांग."

त्याने बोट ठेवलं. गोळीनंतरचं पान. मला वाटलं, नशिबाने झालं. दुसऱ्या दिवशी पानं उलटसुलट करून ठेवली. त्याने परत तेच ओळखलं. तिसऱ्या दिवशी मुलीला विचारलं, चौथ्या दिवशी शेजारणीला. सगळे गोळीनंतरच्या पानावरच बोट ठेवायचे. मग मी स्वतः चष्मा लावून बघितलं. गोळीच्या आधीच्या डोळ्यांत रेघ कोपऱ्याकडे जाताना बारीक करवतीसारखी झाली होती. हात दुखण्याने कापत होता. माणूस दुखणं दातात धरतो, तेव्हा ते हातातून बाहेर पडतं.

एक पान मात्र वेगळं होतं. एका दिवशी फार दुखलं म्हणून डॉक्टरने दिलेली जोराची गोळी घेतली होती, त्या दिवशीचं. त्यातले डोळे सरळ होते, पण सगळे पेंगलेले, पापण्या खाली आलेल्या. म्हणजे गोळी हाताला लागते हे अगदीच खोटं नाही, पण सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. तो म्हातारा कुठली खात होता, आणि त्याचा हात गोळीने गेला की दुखण्याने, हे आता कोणाला विचारणार? विचारायला पाहिजे होतं तेव्हा मी पोरगा होतो.

नाक धुवायला मिठाचं पाणी दिलं होतं. मला वाटत होतं की जखम कोरडी ठेवायची. डॉक्टर म्हणाला, आत खपली वाळली की तडकते आणि रक्त येतं, ओलं ठेवा. तेव्हा मी स्वतःशीच हसलो. कच्च्या मूर्तीवर ओलं फडकं टाकायला विसरलेल्या कामगाराला मी काय काय बोललो असेन! वरून वाळली आणि आत ओली राहिली की माती तडकते. नाकाचंही तेच. दिवसातून चार वेळा, एकदाही चुकवलं नाही.

तीन आठवड्यांनी जोह्याला परत आलो. घासायचं काम सुनेने माझ्यासाठी पलीकडच्या पडवीत हलवलं होतं. कारखान्यात पाऊल टाकलं आणि थांबलो. ओल्या शाडूचा वास आला. तीन वर्षांत आला नव्हता, आणि येत नव्हता हेही मी विसरून गेलो होतो.

आखणीला बसलो. सूनबाई रंगाची वाटी घेऊन समोर.

"आबा, किती?" तिला मुलीने फोनवर सगळं सांगितलेलं दिसत होतं. ओठ दाबून हसत होती.

"नऊ इंची," मी म्हणालो. तिने गोळी आणि पाणी पुढे केलं. मी तिच्यासमोर घेतली आणि तोंड उघडून दाखवलं.

पहिले दोन डोळे काढले. तोंड मिटून, दम धरून. रेघ कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबायची तिथेच थांबली. त्या दिवशी मी अकरा मूर्ती केल्या. बाराव्या मूर्तीचा उजवा डोळा झाला आणि भुवयांमधला तो जुना अंगठा परत आत गेला. फार वेळ वाकल्याने झालं असेल. मी ब्रश रंगात बुडवला, डाव्या डोळ्याशी नेला, आणि मला टोकाची थरथर दिसली. अगदी बारीक, कॅलेंडरच्या पानावरची ती करवत. दम धरून रेटली असती तरी रेघ घसरली असती. गेल्या वर्षीसारखी.

उठायची सोय नव्हती. देव एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता.

"दोन फुटी झालं," मी म्हणालो.

सुनेने मान वर केली. मी ब्रश तिच्यापुढे धरला.

"उजवा मी काढलाय. डावा तू काढ."

"आबा, गणपतीचा?"

"उंदराचा असता तर विचारलं असतं काय?"

तिने पदर कमरेला खोचला, माझ्या जागेवर येऊन बसली. मी मागे सरून भिंतीला टेकलो. तिने ब्रश टेकवला आणि रेघ गेली. मी जवळ जाऊन बघितलं. मग लांबून बघितलं. मग चष्मा काढून बघितलं. माझा डोळा कुठला आणि तिचा कुठला हे मला माहीत होतं म्हणून कळत होतं. नाहीतर कळलं नसतं.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. तिच्या नाकासमोर मुकुटाच्या सोनेरी वर्खाचा एक तुकडा लोंबत होता, आणि रेघ ओढताना तो हलत होता.

"तू दम धरला नाय," मी म्हणालो.

"नाय. मी सोडत सोडत काढते. नाकातून हळू सोडायचा, त्याच्यासंगट ब्रश न्यायचा. दम धरला की माझा हात आखडतो."

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाय. तुम्ही दम धरायचात तेव्हा तुमचा चेहरा लाल व्हायचा. मला भीती वाटायची."

पन्नास वर्षं मी दम धरून रेघ ओढली. बापाने सांगितलं म्हणून, आणि त्याच्या बापाने त्याला सांगितलं म्हणून. नाक चालू असतानाही दुसरी तऱ्हा असू शकते हे कधी मनात आलं नाही. नाक बंद होतं तेव्हा तर सोडायला वाटच नव्हती.

त्या दिवशी राहिलेल्या मूर्ती तिने केल्या. मी ओट्यावर जाऊन बसलो, मांडीवर कॅलेंडरची उरलेली पानं घेतली. दहा डोळे दम धरून काढले. मग पान उलटलं, तोंड मिटलं, आणि नाकातून हळू हळू सोडत अकरावा काढायला घेतला.